तिथीची पाऊणपट

कोपर स्टेशनला दोन मजले आहेत. खालून ठाणे-कल्याणच्या लोकल धावतात, वरून दिवा-वसई मार्गाची गाडी जाते. खालच्या फलाटावर दम घ्यायला फुरसत नसते. वरच्या फलाटावर गाड्याच कमी, त्यामुळे माणसं एकमेकांशी बोलतात. वसईची गाडी कोपर सोडून भिवंडीकडे निघाली की थोड्याच वेळात उल्हासची खाडी लागते, आणि दिवसाच्या वेळेनुसार खिडकीतून कधी काठोकाठ पाणी दिसतं, तर कधी नुसता चिखल आणि तिवरांच्या उघड्या मुळ्या.

या वरच्या फलाटावर एकदा एका आगरी म्हाताऱ्याने मला विचारलं, "मास्तर, आज तिथ कंची?" मी शाळेत गणित शिकवायचो हे त्याला माहीत होतं. मी सांगितलं, चतुर्थी. तो क्षणभर थांबून म्हणाला, "चवथ. मंग तीनला भरलं पानी." हे कसं काढलं असं विचारल्यावर त्याने माझ्याकडे जरा कीव करून पाहिलं. "तिथीची पाऊनपट. चाराची पाऊनपट तीन."

हा ठोकताळा कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मी घरी येऊन तो तपासला. अमावास्येला आणि पौर्णिमेला मुंबईच्या बंदरात भरती दुपारी आणि मध्यरात्री, बाराच्या आसपास असते. अमावास्या ते पौर्णिमा पंधरा तिथी, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ सरकत सरकत बारा तास पुढे जाऊन परत बारावर येते. बारा तासांना पंधराने भागा: एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे खरा गुणक चार पंचमांश. म्हाताऱ्याचा गुणक तीन चतुर्थांश, म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. तिथीमागे तीन मिनिटांची चूक. पौर्णिमेपर्यंत ती साचून पाऊण तास होते, कारण पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.

मग चार पंचमांश का नाही घेतले? कारण ते तोंडी करता येत नाहीत. आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ करून घ्यायचे. ज्याला पाऊणकी येते त्याला भरती येते. शिवाय चूक नेहमी एकाच बाजूची आहे: माणूस पाण्यापाशी थोडा लवकर पोचतो, उशिरा नाही. होडीवाल्याला याहून सोयीची चूक कोणती मिळणार? शून्य चूक असलेल्या सूत्रापेक्षा ज्याची चूक निरुपद्रवी आहे असं सूत्र टिकतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

पण पाऊणकी हा नियम नव्हे, ते कोष्टक आहे. कोष्टक काय होतं ते सांगतं, का होतं ते सांगत नाही, आणि जिथे कुणी पाहिलेलंच नाही तिथे ते मुकं होतं. अठ्ठेचाळीस मिनिटं कुठून आली याचं उत्तर सोपं आहे: चंद्र सूर्याच्या संदर्भात साडेएकोणतीस दिवसांनी त्याच जागी येतो, म्हणून रोज तो चोवीस तासांच्या साडेएकोणतिसाव्या भागाइतका, म्हणजे सुमारे एकोणपन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान, म्हणून एक मिनिट कमी. इथपर्यंत कुणालाही पटतं. खरा पेच पुढे आहे.

सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा कितीतरी जोराने ओढतो. आकडे घ्या. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट. अंतर सुमारे ३९० पट. न्यूटनचा नियम सांगतो की ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते. ३९० चा वर्ग १,५२,१००. दोन कोटी सत्तर लाखांना याने भागलं की येतात सुमारे १७८. म्हणजे सूर्याची ओढ चंद्राच्या जवळजवळ पावणेदोनशे पट. असं असताना समुद्र तिथीप्रमाणे का चालतो, घड्याळाप्रमाणे का नाही? सूर्याची भरती का नाही?

हा प्रश्न मी दरवर्षी नववीच्या वर्गात टाकत असे. मुलं म्हणायची, चंद्र जवळ आहे म्हणून. जवळ आहे ते खरंच, पण ते तर आपण हिशेबात धरलंय! खरं उत्तर एका वजाबाकीत आहे. सूर्य पृथ्वीला ओढतो तेव्हा समुद्रालाही ओढतो, जमिनीलाही ओढतो. सगळेच बरोबर ओढले गेले तर कुणालाच काही कळत नाही. लोकलच्या डब्यातली सगळी माणसं ताशी साठच्या वेगाने ठाण्याकडे जात असतात, तरी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून स्तब्ध असतात, तसंच. पाणी फुगतं ते ओढीमुळे नाही, ओढीतल्या फरकामुळे. चंद्राकडच्या बाजूचं पाणी जमिनीपेक्षा जरा जास्त ओढलं जातं, म्हणून पुढे जातं. पलीकडच्या बाजूचं जरा कमी ओढलं जातं, म्हणून मागे राहतं. दोन्ही बाजूंना फुगवटा येतो, आणि म्हणून दिवसातून दोनदा भरती.

आता हा फरक अंतराबरोबर कसा बदलतो ते पाहू. कागद घ्यायचीही गरज नाही. समजा, चंद्र शंभर पावलांवर आहे आणि पृथ्वीची जाडी एक पाऊल. शंभरावर आणि एकशे एकावर असलेल्या ओढीत फरक सुमारे दोन टक्क्यांचा. आता चंद्र दोनशे पावलांवर न्या. ओढ चौथाईवर आली, आणि दोनशे ते दोनशे एक एवढ्याने पडणारा फरकही दोन टक्क्यांवरून एक टक्क्यावर आला. चौथाईचा एक टक्का. म्हणजे आधीच्या फरकाचा आठवा भाग. अंतर दुप्पट केलं, फरक आठपट घटला. ओढ वर्गाने घटते, फरक घनाने.

सूर्याला हाच घन लावा. ३९० चा घन सुमारे ५ कोटी ९३ लाख. दोन कोटी सत्तर लाख भागिले पाच कोटी त्र्याण्णव लाख म्हणजे ०.४६ च्या जवळ. सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून थोडी कमी. दोघे एका रेषेत आले की बेरीज होते, ती उधाणाची भरती. काटकोनात आले की वजाबाकी होते, तो भांग. मुंबई महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस छापते ते याच बेरजेचे दिवस.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोपर ते दादर असा वर्षानुवर्षं माझ्यासोबत प्रवास करणारे एक गृहस्थ होते. त्यांचा लाडका सिद्धांत असा, की माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी, समुद्राला भरती येते तशी पौर्णिमेला रक्तालाही येते, म्हणून डोकी फिरतात. हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पण फरकाचं गणित कळल्यावर त्यात किती हवा आहे ते दिसतं. समुद्रावर चंद्राचा परिणाम होतो तो समुद्र पाणी आहे म्हणून नाही, तर पृथ्वी हजारो किलोमीटर रुंद आहे म्हणून. माणूस पावणेदोन मीटर. एवढ्याशा उंचीत चंद्राच्या ओढीचा फरक किती? तुलनेला पृथ्वीच घ्या. तीही पायांना डोक्यापेक्षा जास्त ओढते, म्हणजे तिचीही आपल्या शरीरावर 'भरती' आहे. पृथ्वीचं वस्तुमान चंद्राच्या ८१ पट, आणि चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून आपल्या साठपट दूर. साठाचा घन २,१६,०००. गुणाकार १ कोटी ७५ लाखांच्या घरात. पृथ्वीची भरती आपल्या अंगात रोज, दर तिथीला, चंद्राच्या पावणेदोन कोटी पट असते, आणि तिने कुणाचं डोकं फिरलेलं ऐकिवात नाही. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं गणित बरोबर असेल, पण अनुभव वेगळा आहे." दिवा आलं, गर्दी घुसली, विषय तुटला.

सृष्टीचे मूलभूत नियम शोधायचे तर फरकांकडे पाहायचं, ही दृष्टी न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथापासून पक्की झाली. तिची चाहूल मात्र जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाची तात्कालिक गती काढली, म्हणजे आजचं स्थान आणि उद्याचं स्थान यांच्या वजाबाकीऐवजी त्या क्षणाचा वेग. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणादेवीला आहे. फार कमी लोक तो पाहायला जातात.

न्यूटनच्या फुगवट्यावरून कोपरच्या खाडीतली वेळ मात्र निघत नाही. समुद्र म्हणजे पृथ्वीभोवती गुंडाळलेली सलग चादर नव्हे. किनारे आहेत, उथळ जागा आहेत, खंबातच्या आखातासारखी नरसाळी आहेत, जिथे पाणी कोंडून दहा मीटरपर्यंत चढतं. लाप्लासने अठराव्या शतकात सांगितलं की भरती ही लाट आहे, आणि ती हलवणाऱ्या ओढीत ज्या ज्या आवर्तनांचे ठोके आहेत तेच ठोके प्रत्येक बंदराच्या पाण्यात सापडतील. फक्त कोणत्या ठोक्याला बंदर किती आणि किती उशिरा प्रतिसाद देतं ते बंदराच्या घडणीवर ठरेल. मुख्य ठोका चंद्राचा, १२ तास २५ मिनिटांचा. दुसरा सूर्याचा, बरोबर १२ तासांचा. त्याखाली चंद्र कधी जवळ, कधी लांब, कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला, त्याचे लहानमोठे ठोके. बंदरात वर्षभर पाण्याची उंची मोजायची, तिच्यातून एकेक ठोका वेगळा काढायचा आणि मग पुढच्या वर्षाची बेरीज करायची.

मुंबईत अपोलो बंदरला ही मोजणी १८७८ पासून चालू आहे. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. आणि बेरजेसाठी १८७९ मध्ये खास हिंदुस्थानातल्या बंदरांकरिता लंडनमध्ये एक पितळी यंत्र बनवलं गेलं. प्रत्येक ठोक्याला एक कप्पी, कप्पी आपापल्या लयीत वरखाली होणारी, सगळ्या कप्प्यांवरून एकच दोर, आणि दोराच्या टोकाला पेन. हँडल फिरवत गेलं की वर्षभराच्या भरत्या कागदावर उमटत जायच्या. विजेवाचून, आकडेमोडीवाचून, निव्वळ दोराच्या लांबीने बेरीज! म्हाताऱ्याच्या पाऊणकीत एक कप्पी होती. या यंत्रात वीस.

गणिताच्या या दबदब्याला एक इशाराही जोडून द्यायला हवा, आणि तो आपल्या घरचाच आहे. १८४६ मध्ये युरेनसच्या चालीतल्या बारीक फरकावरून लव्हेरिएने न पाहिलेल्या ग्रहाची जागा कागदावर काढली आणि त्याचं पत्र बर्लिनच्या वेधशाळेत पोचलं त्याच रात्री, एका अंशाच्या आत, नेपच्यून सापडला. तेव्हापासून सगळ्यांनाच पुढचे ग्रह खुणावू लागले. 'ज्योतिर्गणित'कार व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिषमंडळाच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडचे दोन ग्रह वर्तवले. त्यातल्या 'ब्रह्मा'चं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या सुमारे ३९ पट आणि प्रदक्षिणाकाल २४२ वर्षं. १९३० च्या फेब्रुवारीत प्लूटो सापडला. अंतर साडेएकोणचाळीस पट, काल २४८ वर्षं. केतकर त्याच वर्षी वारले. ही गोष्ट मराठीत नेहमी अभिमानाने सांगितली जाते, आणि आकडे खरोखरच थक्क करणारे आहेत. पण केतकरांची रीत गुरूच्या चंद्रांच्या कालांमधलं प्रमाण ग्रहांना लावून पाहण्याची होती, आणि प्लूटो तर आपल्या चंद्राच्या पाचव्या भागाहून कमी वस्तुमानाचा. कुणाच्या चालीत फरक पाडण्याएवढा तो नाहीच. त्यामुळे माझ्या मते हा योगायोग आहे, दुर्मीळ आणि सुंदर, पण योगायोगच. केतकरांची थोरवी त्यांच्या पंचांगशुद्धीत आहे. तिला प्लूटोचा टेकू लागत नाही.

आता फरकाकडे परत येऊ, कारण आइन्स्टाइनने नेमकं तेच केलं.

समजा, एखाद्या सात मजली इमारतीच्या लिफ्टचा दोर तुटला. (सुरक्षेची कळ असते, प्रत्यक्षात असं होत नाही, गणितापुरतं समजा.) आतल्या माणसाला वजन जाणवणार नाही. हातातली किल्ली सोडली तर ती बाजूलाच तरंगेल, कारण तीही त्याच वेगाने पडते आहे. १९०७ मध्ये हा विचार आइन्स्टाइनच्या मनात आला: पडणाऱ्याला गुरुत्वाकर्षण नसतं. ज्याला आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो ते केवळ कुठून पाहतो त्यावर ठरत असेल, तर त्यात खरं काय उरलं?

उरते ती भरती. लिफ्टमध्ये दोन मीटर अंतरावर, डाव्या-उजव्या बाजूला, दोन गोट्या सोडा. दोन्ही पृथ्वीच्या केंद्राकडे पडतात, म्हणजे त्यांच्या वाटा समांतर नसतात, किंचित एकमेकींकडे झुकलेल्या असतात. वीस मीटर पडेपर्यंत त्यांच्यातलं अंतर किती घटेल? दोन मीटर गुणिले वीस, भागिले पृथ्वीची त्रिज्या. उत्तर सुमारे सहा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकं. समोर-मागे ठेवलेल्या गोट्याही सहा मायक्रॉन जवळ येतील. वर-खाली ठेवलेल्या मात्र दूर जातील, कारण खालची जास्त ओढली जाते. किती दूर? तोच वर्ग-घनाचा हिशेब केला की बारा मायक्रॉन निघतात. गोट्यांचं वर्तुळ मांडलं असेल तर त्याचं अंडं होतं. खाडीच्या पाण्याला जो आकार चंद्र देतो, तोच.

आता या तीन आकड्यांकडे बघा. एका दिशेला सहा आत, दुसऱ्या दिशेला सहा आत, तिसऱ्या दिशेला बारा बाहेर. बेरीज शून्य. न्यूटनच्या गणितात रिकाम्या जागेत ही बेरीज नेहमी शून्यच येते, फक्त कुणाला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. आइन्स्टाइनचा नियम, त्याच्या भीतिदायक चिन्हांमधून बाहेर काढला, तर रिकाम्या जागेपुरता एवढाच आहे: ही बेरीज शून्य आली पाहिजे, आणि ती कुठल्याही वेगाने जाणाऱ्या, मुक्तपणे पडणाऱ्या प्रत्येकाला शून्य दिसली पाहिजे. 'प्रत्येकाला' या एका शब्दात न्यूटनपेक्षा सगळं वेगळं आहे. ती अट पुरी करायला अवकाश आणि काळ मिळून वाकावे लागतात. वाकलेल्या अवकाशाची भूमिती रीमानने १८५४ मध्येच करून ठेवली होती, निव्वळ विचार म्हणून, कशाला लागेल याची फिकीर न करता. १९१५ च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइनने ती वापरली.

ही समीकरणं लिहिणं सोपं, सोडवणं भयंकर. ती सोडवणाऱ्यांत एक कोल्हापूरकर होते. विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतले आणि १९३२ मध्ये, वयाची पंचविशी गाठण्याआधीच, काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे संशोधनाला आलेल्या प्रल्हाद चुनीलाल वैद्यांनी १९४३ मध्ये प्रकाश बाहेर टाकत असलेल्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाचं उत्तर काढलं. ते आज जगभर वैद्यांच्याच नावाने ओळखलं जातं. विष्णु नारळीकरांच्याच घरात, फळ्यावर मामांनी लिहून ठेवलेली कोडी सोडवत, त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर वाढले. १९६४ मध्ये त्यांनी फ्रेड हॉईलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला, आणि विश्वाला आरंभ नाही या बाजूने ते शेवटपर्यंत लढले. १९६५ मध्ये सापडलेल्या विश्वपार्श्वभूमीच्या प्रारणाने बहुतेकांना दुसऱ्या बाजूला नेलं. माझं मत बहुतेकांसारखंच आहे. पण मराठी घरांत 'विश्व' हा शब्द गणितासकट ज्यांनी आणला ते नारळीकरच, आणि हरत असलेल्या बाजूने इतक्या शांतपणे आकडेमोड करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आपल्या गावाच्या नावाचा एक वाक्प्रचार आहे, गावाशी त्याचा काही संबंध नसला तरी: कोपराला गूळ लावणे. दिसतो, वास येतो, जीभ पोचत नाही. आइन्स्टाइनने १९१६ मध्ये समीकरणांतून एक गोष्ट काढली ती अशीच होती. रिकाम्या जागेत ताण पसरत जाऊ शकतो: एका दिशेला एक भाग बाहेर, काटकोनातल्या दिशेला एक भाग आत, पुढे जाण्याच्या दिशेला शून्य. बेरीज पुन्हा शून्य, म्हणून नियमाला मान्य. प्रकाशाच्या वेगाने धावणारी भरती-ओहोटी. गुरुत्वलहर. पण आकडे घातले की परिणाम इतका बारीक निघायचा की मोजायचा कसा कुणाला सुचेना. शंभर वर्षं तो गूळ कोपराला लागलेला राहिला.

जीभ लांब करायचं काम अनेकांनी केलं. त्यातलं एक पुण्यात झालं. आयुका ही संस्था १९८८ मध्ये नारळीकरांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि तिथले संजीव धुरंधर हे गुरुत्वलहरींच्या शोधातले जगातल्या सुरुवातीच्या गणितींपैकी एक. १९९१ मध्ये बी. एस. सत्यप्रकाश आणि धुरंधर यांनी एक शोधनिबंध लिहिला: परस्परांभोवती फिरत एकमेकांत कोसळणाऱ्या ताऱ्यांचा संकेत गोंगाटातून निवडायला साचे कसे आणि किती घ्यायचे.

हे साच्याचं काम कोपरच्या खालच्या फलाटावर रोज चालतं. गाड्या, भेळवाले, मोबाइल, भोंगे आणि त्यात कर्कश उद्घोषणा. नवख्याला एक अक्षर कळत नाही, आणि रोजच्या प्रवाशाला 'धीमी लोकल' एवढं बरोबर ऐकू येतं. का? कारण काय ऐकायचं ते त्याच्या डोक्यात आधीपासून आहे. गणितात हे असं करतात: आलेला प्रत्येक आकडा साच्यातल्या तिथल्या आकड्याने गुणायचा आणि सगळे गुणाकार मिळवायचे. साचा जुळला तर प्रत्येक गुणाकार धन येतो, शंभर ठोक्यांचे शंभर मिळतात. गोंगाट मात्र कधी धन, कधी ऋण. शंभर ठोक्यांनंतर तो जेमतेम दहापर्यंत पोचतो. ठोके दहा हजार घेतले तर दहा हजारांना शंभर. संकेत संख्येने वाढतो, गोंगाट तिच्या वर्गमुळाने. मात्र साचा आधी हातात पाहिजे, आणि तो देणार आइन्स्टाइनची समीकरणंच. जे अजून कुणी ऐकलेलं नाही त्याचा आवाज आधी कागदावर काढायचा!

१४ सप्टेंबर २०१५, सोमवार. गणपती तीन दिवसांवर आले होते. दुपारी भारतीय वेळेनुसार ३ वाजून २० मिनिटांनी अमेरिकेतल्या लायगोच्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या दोन वेधशाळांतून, सात हजारांश सेकंदांच्या अंतराने, एकच कंप गेला. सगळा मामला सेकंदाच्या पाचव्या भागात आटोपला. चार किलोमीटर लांबीच्या बाहूंमध्ये पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाएवढा. प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिली चाहूल साच्यांवाचून चालणाऱ्या शोधातून, तीन मिनिटांत लागली. पण तो योगायोग नव्हे हे ठामपणे सांगायला सुमारे अडीच लाख साच्यांची चाळणीच उपयोगी पडली. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट अशी दोन कृष्णविवरं, १३० कोटी प्रकाशवर्षांवर, एक झाली होती. उरलं ते ६२ पट. छत्तीस अधिक एकोणतीस पासष्ट. राहिलेले तीन सूर्य लहरींत गेले.

ती लहर कोपरमधूनही गेली. तिथी प्रतिपदा होती. एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे बंदरात भरती पाऊणच्या सुमारास. तीन वीसला तिथे उधाणाचं पाणी ओसरत होतं, मीटरच्या हिशेबाने, आणि त्याच क्षणी दुसरी, तीन सूर्य जाळून निघालेली भरती फलाटाला अणूच्या गर्भाहूनही कितीतरी कमी ताणून पुढे गेली.

अशीच वेधशाळा आता मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याला होते आहे, नागनाथाच्या ज्योतिर्लिंगाच्या तालुक्यात. २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांसह पूर्ण मंजुरी मिळाली. जमीन तिथे शांत आहे, म्हणून ती जागा. पुढचा गूळही कोपराला लागलेला आहेच: शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली, आणि त्यातून अवकाशच कणाकणांचं बनलेलं असावं असं चित्र निघालं. गणित देखणं आहे. मोजमाप अजून पोचलेलं नाही.

एका षष्ठीला मी सहाची पाऊणपट करून संध्याकाळी साडेचारला डोंबिवली पश्चिमेच्या रेतीबंदरावर जाऊन उभा राहिलो. पाणी भरलेलं असायला हवं होतं. चिखल अजून अर्धा उघडा होता आणि पाणी सावकाश आत येत होतं. म्हातारा तिथेच होता. मी तक्रार केली.

"ती बंदराची येल, मास्तर," तो म्हणाला. "पानी काय फास्ट लोकलनं येतंय काय इथं?"

घरी येऊन हिशेब केला. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. खोली चार मीटर धरली तर ताशी साडेबावीस किलोमीटर. स्लो लोकलपेक्षाही कमी.